वेगवान टायर : चालकाच्या हाताला कळणारे आणि न कळणारे

दिनांक १९ जून २००५ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे ‘फॉर्म्युला वन’ या जगप्रसिद्ध मालिकेतील एका शर्यतीसाठी वीस मोटारी सज्ज झाल्या होत्या. प्रारंभापूर्वीची संथ फेरी पूर्ण होताच, हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, त्यांपैकी चौदा मोटारी शर्यतीत न उतरता आपापल्या दुरुस्ती-कक्षांकडे वळल्या. मार्गावर उरल्या केवळ सहा. या चौदा मोटारींच्या इंजिनांत कोणताही बिघाड नव्हता, की त्यांच्या चालकांच्या कौशल्यात काही उणीव नव्हती. प्रश्न होता तो टायरांचा.

दोन दिवस आधी, सरावाच्या वेळी, अत्यंत वेगाने घ्याव्या लागणाऱ्या तेराव्या वळणावर राल्फ शूमाकर यांच्या मोटारीचा मागील डावा टायर निकामी झाला आणि मोटार भिंतीवर आदळली. हे टायर पुरविणाऱ्या मिशेलिन कंपनीने तपासणी करून निर्वाळा दिला, की या वळणावर आपले टायर दहा फेऱ्यांपलीकडे टिकतील अशी हमी देता येत नाही. शर्यत तर ७३ फेऱ्यांची होती आणि त्या वर्षीच्या नियमानुसार शर्यतीच्या दरम्यान टायर बदलण्यास सर्वसाधारणपणे मुभा नव्हती. यास्तव त्या कंपनीचे टायर वापरणाऱ्या सातही संघांनी माघार घेतली. उरलेल्या सहा मोटारींत मायकेल शूमाकर पहिले आले. भारताचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन यांना चौथा क्रमांक मिळाला आणि या मालिकेत गुण मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले.

या घटनेतील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. माघार घेणारे ते चौदा चालक जगातील अत्यंत तरबेज चालकांपैकी होते. टायरची रस्त्यावरील पकड किंचित कमी झाली तरी ती त्यांच्या हातांना तत्क्षणी जाणवते. तथापि टायरच्या अंतर्भागात जी झीज चालली होती, ती त्यांच्या अनुभवालाही कळू शकली नाही. ती कळली तंत्रज्ञांच्या तपासणीला. अलीकडे वेगासाठी खास घडविलेले टायर साध्या कौटुंबिक मोटारींनाही बसविले जाऊ लागले आहेत. अशा टायरांविषयी चालकाला स्वतः काय कळते आणि काय कळू शकत नाही, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे झाले आहे.

पोस्टकार्डाएवढा आधार

मोटार कितीही मोठी असो, रस्त्याशी तिचा संबंध येतो तो चार टायरांच्या तळाशी. साधारण १,३०० किलो वजनाच्या मोटारीचे वजन चारही चाकांवर सारखे पडते असे मानले, तर प्रत्येक टायरवर सुमारे ३२५ किलो भार येतो. आतील हवेचा दाब ३२ पीएसआय असता, हा भार तोलण्यासाठी टायरचा जेवढा भाग जमिनीला टेकतो तो सुमारे १४५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे टपाल खात्याच्या पोस्टकार्डाहून किंचितच मोठा असतो. मोटारीला गती देणे, तिला थांबविणे आणि वळविणे ही तिन्ही कामे या चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवरच चालतात.

वेगवान टायर घडविताना याच जागेचा अधिकाधिक उपयोग करून घेतलेला असतो. त्याचे रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात चटकन रुतेल असे मऊ असते. त्याची बाजूची भिंत उंचीला कमी व अधिक ताठ असते, त्यामुळे सुकाणू फिरविताच टायर न लवता वळू लागतो. आतील पोलादी पट्ट्यांवर बहुधा नायलॉनचे आवरण असते. चाक वेगाने फिरत असता टायर बाहेरच्या बाजूस ताणला जातो, तो ताण हे आवरण आवरून धरते. १९९० नंतरच्या दशकात रबरात काजळीबरोबर सिलिका मिसळण्याची रीत रूढ झाली आणि ओल्या रस्त्यावरील पकड व इंधनाची बचत हे पूर्वी परस्परविरोधी मानले गेलेले दोन गुण एकत्र आणणे बऱ्याच अंशी शक्य झाले.

टायरच्या अंगावरील अक्षरे

प्रत्येक टायरच्या बाजूच्या भिंतीवर त्याची जन्मपत्रिकाच कोरलेली असते. उदाहरणार्थ, ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ या अर्थाची रोमन अक्षरे व अंक एखाद्या टायरवर आढळल्यास त्याचा उलगडा असा होतो : टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची या रुंदीच्या ५५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल रचना, १६ हा चाकाच्या रिमचा इंचांतील व्यास, ९१ हा भारांक, म्हणजे एका टायरने जास्तीत जास्त ६१५ किलो भार सहन करावा, आणि शेवटचे ‘व्ही’ हे वेगाचे अक्षर होय.

वेगाच्या अक्षरांचे अर्थ ठरलेले आहेत. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर, ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७० आणि ‘वाय’ म्हणजे ३००. प्रयोगशाळेत ठराविक भार व ठराविक दाब देऊन टायर एका मोठ्या फिरत्या पिंपावर टेकविला जातो आणि टप्प्याटप्प्याने वेग वाढवीत त्याची कसोटी घेतली जाते. प्रत्यक्ष मोटारीवरील वेगवान चाचण्यांसाठी देशातच सोय उपलब्ध झाली आहे. इंदूरजवळ पिथमपूर येथील ‘नॅट्रॅक्स’ या राष्ट्रीय चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीच्या लंबवर्तुळाकार वेगमार्गाचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले.

मात्र वेगाचे हे अक्षर नव्या, निर्दोष, योग्य दाबाच्या व मर्यादेत भार असलेल्या टायरपुरतेच खरे असते. तो टायर जुना झाला, खड्ड्यात आपटला, वारंवार पंक्चर काढून वापरला गेला किंवा कमी हवेवर धावला, तर कोरलेले अक्षर तेच राहते. परंतु त्यामागील हमी उरत नाही. ‘व्ही’ हे अक्षर म्हणजे ताशी २४० किलोमीटर वेगाने धावण्याचा परवाना नव्हे. सामान्य वेगाच्या वेळी हाताशी असलेली ती एक राखीव शक्ती होय.

चालकांना काय जाणवते?

साधे टायर बदलून वेगवान टायर बसविणाऱ्या चालकांचे अनुभव बहुतांशी सारखेच असतात. पहिल्याच दिवशी सुकाणू हलके पण नेमके झाल्यासारखे वाटते. घाटातील वळणावर मोटार कमी झुकते. ब्रेक दाबताच ती पूर्वीपेक्षा लवकर थांबते. नव्या टायरांची पकड चांगली असल्याने पावसातही धीर येतो.

काही काळाने दुसरी बाजूही प्रत्ययास येते. भिंत ताठ व आखूड असल्याने रस्त्यावरील प्रत्येक धक्का आसनापर्यंत पोहोचतो. खडबडीत रस्त्यावर टायरांचा आवाज वाढतो. मऊ रबर लवकर झिजते आणि ज्या टायरांकडून पूर्वी चार वर्षांची अपेक्षा असे, ते त्याहून बरेच आधी बदलावे लागतात. खड्ड्याची धार लागली की आखूड भिंत धक्का पचवू शकत नाही. रिम वाकतो, किंवा टायरच्या बाजूला गाठीसारखा फुगा येतो. हा फुगा म्हणजे आतील धागे तुटल्याची खूण आहे. असा टायर दुरुस्त होत नाही, तो तत्काळ काढून टाकणे हाच एक मार्ग होय.

शोभेसाठी मूळ मापापेक्षा रुंद टायर व मोठे रिम बसविण्याची हौस तरुण चालकांत आढळते. बाहेरील व्यास बदलल्यास वेगदर्शक काटा खोटे बोलू लागतो. भारांक मूळ टायरपेक्षा कमी असल्यास कुटुंब व सामान घेऊन निघालेली मोटार टायरच्या मर्यादेपलीकडे जाते. आणि रुंद टायरला पाणी बाजूला सारणे अधिक कठीण जाते, हे पहिला पाऊस पडेपर्यंत ध्यानातही येत नाही.

पाण्याशी गाठ

जपानमधील फूजी येथे २४ ऑक्टोबर १९७६ रोजी झालेली शर्यत या दृष्टीने बोधप्रद आहे. त्या दिवशी मुसळधार पाऊस व धुके होते. गुणांत आघाडीवर असलेले निकी लाउडा यांनी दोन फेऱ्यांनंतर मोटार थांबविली; अशा पाण्यात धावणे जिवाशी खेळ आहे, असा त्यांचा निर्णय होता. त्यांचे प्रतिस्पर्धी जेम्स हंट धावत राहिले. पुढे रस्ता सुकू लागला आणि पावसासाठी बनविलेले त्यांचे मऊ टायर कोरड्या रस्त्यावर भराभर झिजले. अखेरच्या टप्प्यात त्यांना टायर बदलण्यासाठी थांबावे लागले आणि तिसरा क्रमांक मिळवून त्यांनी अवघ्या एका गुणाने जगज्जेतेपद पटकाविले. शर्यत जिंकली ती टायर जपून चालविणाऱ्या मारिओ आंद्रेत्ती यांनी. एकाच दिवशी एकच टायर तारकही ठरला आणि घातकही. टायरचा गुण रस्त्याच्या स्थितीवर अवलंबून असतो, हेच यातून दिसून येते.

ओल्या रस्त्यावर टायरला काय करावे लागते, याचा हिशेब उद्बोधक आहे. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले असून मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर २०५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला दर सेकंदाला सुमारे साडेतेरा लिटर, म्हणजे एक मोठी घागरभर पाणी वाटेतून दूर करावे लागते. टायरवरील नक्षीच्या खाचा यासाठीच असतात. खाचा पुरेशा खोल नसतील किंवा वेग जास्त असेल, तर पाण्याला जाण्यास वाट उरत नाही. टायर पाण्यावर चढतो आणि मोटार होडीप्रमाणे तरंगू लागते. त्या क्षणी सुकाणू एकाएकी हलके होते. ब्रेक दाबून उपयोग होत नाही. अशा वेळी एकदम ब्रेक न लावता, सुकाणू सरळ धरून ॲक्सिलरेटरवरील पाय हलकेच काढणे हेच हिताचे असते.

अमेरिकेतील ‘नासा’ या संस्थेने १९६० नंतरच्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग करून या धोक्याच्या वेगाचे गणित मांडले. गुळगुळीत झालेल्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर त्या गणितानुसार तो साधारण ताशी ९४ किलोमीटर वेगाला पाण्यावर चढतो. हवा २४ पीएसआयपर्यंत उतरली, तर हाच धोका ताशी ८२ किलोमीटरच्या सुमारासच उभा राहतो. मोटारींच्या बाबतीत हे आकडे ढोबळ होत. परंतु हवा कमी म्हणजे धोका लवकर, हा त्यातील बोध निर्विवाद आहे.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. चोर्ला, अनमोड वा आंबोलीच्या घाटातून जाणाऱ्या चालकास या गणिताचा प्रत्यय प्रत्येक पावसाळ्यात येत असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असणे बंधनकारक आहे. ही कायद्याची शेवटची रेषा होय, सुरक्षिततेची खूण नव्हे. पावसाळ्यात तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोलीच्या टायरवर विसंबू नये, असा जाणकारांचा सल्ला असतो.

न कळणारा शत्रू : उष्णता

पकड सुटू लागल्याची वर्दी सुकाणू, आसन आणि कान यांच्याद्वारे चालकाला बहुधा मिळते. उष्णतेचे तसे नाही. टायरचा तळ जमिनीला टेकताना दबतो आणि सुटताना पूर्ववत होतो. वर उल्लेखिलेल्या मापाचा टायर ताशी १२० किलोमीटर वेगाने मिनिटाला सुमारे १,००० फेरे घेतो; म्हणजे तासाभरात त्याचा प्रत्येक भाग साठ हजार वेळा दबतो व उसळतो. हवा कमी असल्यास हे लवणे वाढते, रबर आतून तापते आणि रबर व पोलादी पट्ट्या यांचे बंधन सैल होऊ लागते. बाहेरून काहीही दिसत नाही. शेवटी नक्षीचा थर सुटतो किंवा टायर फुटतो, तेव्हा चालकाच्या हाती उपाययोजनेसाठी क्षणही उरत नाही.

ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. त्या टायरांचे थर धावताना सुटत होते आणि त्यामुळे झालेल्या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे दगावल्याची नोंद तेथील शासनाने केली. टायरांतील दोषाबरोबरच कमी दाब, जास्त भार व उष्ण हवामान यांचाही विचार त्या तपासात झाला. त्याच वर्षी तेथे केलेल्या कायद्यामुळे, हवेचा दाब उतरताच इशारा देणारे उपकरण पुढे नव्या मोटारींत सक्तीचे झाले. चालकाच्या हाताला जे कळत नाही ते यंत्राने सांगावे, हेच त्यामागील तत्त्व होय. भारतातही २०२० साली नियमांत दुरुस्ती करण्यात आली असून, ट्यूबरहित टायर, दाबदर्शक उपकरण व दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी बाळगण्यापासून सूट देण्यात आली आहे.

आपल्याकडे हा प्रश्न नव्या द्रुतगती मार्गांमुळे ऐरणीवर आला. मुंबई व नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी या टप्प्यापासून खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्णत्वास गेला. हलक्या वाहनांसाठी तेथे ताशी १२० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. सरळ काँक्रीटचा रस्ता, विदर्भाचा उन्हाळा आणि तासन्‌तास एकसारखा वेग यांची गाठ पडली, की झिजलेल्या किंवा कमी हवेच्या टायरची परीक्षा होते. शहरातल्या शहरात ज्या टायरवर वर्षानुवर्षे निभावले, तोच टायर अशा मार्गावर पहिल्या दोन तासांत दगा देऊ शकतो. या महामार्गावरील अपघातांनंतर परिवहन यंत्रणेने २०२३ मध्ये वाहनांच्या टायरांची तपासणी हाती घेतली आणि झिजलेल्या टायरांच्या वाहनांना प्रवेश नाकारण्याचे पाऊल उचलले, ते याच कारणास्तव.

येथे वेगवान टायरचा एक गुणच दोषाप्रमाणे वागतो. जुने ट्रकचालक लोखंडी सळईने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखत. साध्या मोटारीच्या टायरची हवा उतरली की त्याचे पोट सुटलेले दिसे. वेगवान टायरची आखूड, ताठ भिंत हवा बरीच उतरली तरी उभीच दिसते. डोळा फसतो, लाथ मारून पाहण्याचा उपाय निरुपयोगी ठरतो आणि चालवितानाही फारसा फरक जाणवत नाही. म्हणजे टायर जितका उत्तम, तितकी त्याची तक्रार उशिरा ऐकू येते.

चालकांनी काय करावे?

यावरील उपाय खर्चिक नाहीत. त्यांना हवी ती केवळ नियमितता.

हवेचा दाब महिन्यातून किमान एकदा व प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी, टायर थंड असताना, मापकाने तपासावा. योग्य दाब मोटारीच्या दाराच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. टायरवर कोरलेला कमाल दाब भरावयाचा नसतो. धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसल्यास तो कमी करू नये. थंड होताच तो पूर्ववत होतो. पूर्ण भार घेऊन निघताना त्यासाठी दिलेला अधिक दाब भरावा. स्टेपनीची हवाही त्याच वेळी पाहावी.

टायर कधी तयार झाला हे त्याच्या बाजूवरील चार अंकांवरून कळते. ‘२३२४’ याचा अर्थ २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. नक्षी शाबूत असली तरी उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीच्या टायरला सूक्ष्म भेगा पडतात. दहा वर्षे झालेला टायर दिसण्यात कितीही चांगला असो, तो वापरू नये.

चारही टायर एकाच जातीचे असावेत. दोनच नवे घ्यावयाचे असल्यास ते मागील चाकांना बसवावेत. पुढील चाके घसरू लागल्यास वेग कमी करून मोटार सावरता येते. मागील चाके घसरल्यास ती गरकन फिरते आणि सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यात राहत नाही. नक्षीची दिशा दाखविणारा बाण असल्यास तो पुढे धावण्याच्या दिशेनेच हवा. एका कडेला जास्त झीज दिसल्यास चाकांची जुळणी तपासून घ्यावी. मूळ मापापेक्षा वेगळा टायर घेताना भारांक व वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नसावे.

आज टायर परदेशातून येणारी नवलाची वस्तू राहिलेली नाही. गोव्यातील उसगाव आणि बडोद्याजवळील लिमडा व हालोल येथील कारखान्यांतून टायर तयार होऊन बाहेर पडतात. वेगवान व ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेले टायर सामान्य ग्राहकालाही मिळू लागले आहेत आणि त्यांनी मोटारप्रवास निश्चितच अधिक सुरक्षित केला आहे. पण या सुरक्षिततेचा उपयोग अधिक वेगासाठी केला, तर जमेची बाजू खर्ची पडते. वेग दुप्पट झाला की मोटार थांबविण्यासाठी जिरवावी लागणारी शक्ती चौपट होते आणि हे गणित कोणत्याही टायरने बदललेले नाही.

इंडियानापोलिस येथे चौदा मोटारी परतल्या, तेव्हा प्रेक्षक संतापले. पुढे मिशेलिन कंपनीने त्यांच्या तिकिटांचे पैसेही परत केले. परंतु त्या चौदाही मोटारींचे चालक त्या संध्याकाळी सुखरूप होते. तपासणीने दिलेला इशारा मानून थांबण्यात कमीपणा नाही. ज्या चालकांना आपल्या हातांवर सर्वांत अधिक विश्वास होता, त्यांनीही त्या दिवशी मापकाचे ऐकले. घरातून निघताना पाच मिनिटे खाली वाकून चारही टायर पाहणे, ही त्याच शहाणपणाची घरगुती आवृत्ती होय.